भिंतीवरची फार्मासिस्ट

मुलं मोठी झाल्यावर नोकरी शोधायला निघालेल्या बाईला काय काय ऐकावं लागतं, ते आता सगळ्यांना पाठ आहे. मधली वर्षं काय केलंत, जमेल का, घरचं कोण बघणार? माझी पदवी मात्र औषधनिर्माणशास्त्राची, आणि आमच्याकडं तऱ्हाच वेगळी. इथं मधली वर्षं कुणाला खुपत नाहीत. बाई घरी बसलेली असेल तर उलट बरंच, कारण तिचं सर्टिफिकेट मोकळं असतं.

मी 2002 साली बी.फार्म. झाले. काही काळ एका कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये होते, मग लग्न, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण. धाकट्याची दहावी झाली आणि मी मिरजेत मेडिकल दुकानांतून विचारत फिरले. मिरजेत दवाखान्याला खेटून मेडिकल आणि मेडिकलला खेटून दवाखाना, त्यामुळं काम मिळेल याची खात्री होती. एका मालकांनी चहा मागवला. बायोडेटाची घडीही न उलगडता म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही कशाला दगदग करता? सर्टिफिकेट लावा आमच्याकडं. महिन्याच्या महिन्याला पैसे खात्यावर जमा होतील. इन्स्पेक्टर आलेच तर फोन करतो, तेवढ्यापुरतं या.’

मी म्हटलं, मला काउंटरवर उभं राहायचंय. तेव्हा त्यांनी जो पगार सांगितला, तो नुसत्या कागदाच्या भाड्यापेक्षा किरकोळ जास्त होता.

सगळी मेख इथंच आहे. कायदा अगदी स्पष्ट आहे. 1948च्या फार्मसी कायद्याच्या कलम 42नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायची. दुसऱ्या कुणी दिली तर तुरुंगवासाची तरतूद आहे. औषध नियमावलीतल्या नियम 65प्रमाणे ती फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिली गेली पाहिजेत. प्रत्यक्षात परवान्याशेजारी फ्रेम लटकते, आणि बारावी झालेला मुलगा फळीवरून स्ट्रिपा काढून देतो. त्या मुलाचा तरी काय दोष? तो धन्याचं ऐकतो. पण कागद स्वस्तात मिळतो तोवर माणसाला कोण पगार देईल? प्रत्येक भाड्याचं सर्टिफिकेट खरोखर काम करू पाहणाऱ्या फार्मासिस्टचा पगार पाडतं. सर्टिफिकेट लावणाऱ्या माझ्या मैत्रिणी यावर चिडतात. ‘घरबसल्या चार पैसे येतात, तुझं काय जातं?’ तान्ही मुलं असलेल्या बाईला मी नावं ठेवणार नाही. पण मुलं कॉलेजात गेल्यावर तीच बाई कामाला निघेल, तेव्हा तिच्या वाट्याला हाच पडलेला पगार येणार आहे.

शेवटी एका हॉस्पिटलच्या फार्मसीत मला काम मिळालं. मध्यंतरी जत तालुक्यातल्या एक मावशी आल्या. सांधे सुजलेले, बोटं वाकडी. चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा. शेजारी फॉलिक ॲसिड. मी विचारलं, ‘मावशी, ही पिवळी गोळी कधी घेता?’ ‘रोज की, जेवल्यावर.’ मागच्या खेपेला गावाजवळच्या दुकानातून नेल्या होत्या आणि तिथं त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. तोंडात फोड आले होते, ते त्यांना उष्णतेचे वाटत होते. हे औषध रोज पोटात गेलं तर रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावूही शकतो. मी त्यांना तिथंच बसवून वर डॉक्टरांना फोन लावला. रक्ततपासणी झाली, गोळी काही दिवस थांबवली. पुन्हा सुरू झाली तेव्हा पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘फक्त सोमवार’ लिहून दिलं आणि त्यांच्या नातवाकडून वाचून घेतलं. हे काम फ्रेम करत नाही.

जुनी पदवी गंजते, हे अर्धंच खरं. मी घरी होते त्या काळात बरंच बदललं. लहान मुलांना सर्रास दिलं जाणारं निमेसुलाइड 2011मध्ये बारा वर्षांखालच्यांसाठी बंद झालं. 2014पासून शेड्युल एच-वन आलं. त्यातल्या अँटिबायोटिक्सची रजिस्टरला वेगळी नोंद ठेवावी लागते. 2018मध्ये ट्रामाडोल अमली पदार्थांच्या कायद्याखाली गेलं. हे सगळं वाचून, रिफ्रेशर कोर्स करून भरून काढता येतं, मी काढलं. आणि चिठ्ठीवरचं अक्षर लागण्यासाठी वय आड येत नाही, आलाच तर चष्मा येतो. औषध शरीरात जाऊन काय करतं हे ज्याला मुळातून कळलंय, त्याला नवा नियम शिकायला किती वेळ लागतो?

सरकारी दवाखान्यातल्या औषधनिर्माण अधिकाऱ्याच्या जागेसाठी मात्र माझा अर्जच चालत नाही. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 38. पंचविशी-तिशीत आई झालेल्या बाईची मुलं मार्गी लागेपर्यंत ती उलटून जाते. अनुकंपा, खेळाडू, माजी सैनिक यांना सवलती आहेत, त्या असाव्यातच. मूल वाढवायला थांबलेल्या प्रशिक्षित बाईचाही त्यात विचार व्हायला काय हरकत आहे?

खेड्यातल्या दुकानाला फार्मासिस्ट परवडत नाही, असं मालक सांगतात. काही ठिकाणी ते खरं असेल. मिरजेसारख्या गावातल्या भर बाजारातल्या दुकानांना तरी हे कारण शोभत नाही. दुकान सकाळी नऊला उघडतं, रात्री दहाला मिटतं. एवढा वेळ एकटा माणूस उभा राहू शकत नाही, निदान दोघं हवेत. अर्ध्या दिवसाचं काम हवं असलेल्या कितीतरी बी.फार्म., डी.फार्म. झालेल्या बायका याच गावातल्या फ्लॅटांत आहेत. त्यांना नोंदणी चालू करून कामावर यायला सांगणारा मालक हवा, आणि मालकाला तसं करायला लावणारं प्रशासन.

त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनी तपासणीला सकाळी अकराला न जाता संध्याकाळी सातला जावं, ओपीडी सुटून काउंटरवर गर्दी उसळते तेव्हा. आधी फोन न करता. आणि फ्रेममधलं नाव वाचून ती व्यक्ती आत्ता कुठं आहे, एवढंच विचारावं.