सीलबंद खोका आणि घामाचा पैसा

परवा आमच्या ओळखीच्या एका घरी चहाला गेलो असता एक वाद कानी पडला. घरातला मुलगा नुकताच गोदामात कामाला लागला आहे. पहिल्या बोनसमधून त्याला परदेशातून एक व्हिडिओ गेम मागवायचा होता. खेळण्यासाठी नव्हे, तर सीलबंद ठेवून पुढे चढ्या भावाने विकण्यासाठी! आजी म्हणाली, "अरे, उघडायचंच नाही तर आणतोस कशाला?" वडील गप्प होते. मुलगा आम्हाला म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा."

खेळाचे नाव 'रेट्रो सिटी रॅम्पेज'. एक आख्खे शहर, त्यात मोकाट हिंडणारा गुंड, गाड्या पळवणे, मारामाऱ्या आणि मागे लागलेले पोलीस. दिसायला मात्र तो टीव्हीला जोडून कॅसेट घालायच्या जुन्या खेळांसारखा, चौकोनी ठिपक्यांचा. आपल्या वस्त्यांतून ज्यांनी तासाला पैसे मोजून ते खेळ खेळले, त्यांना ही चित्रे लगेच ओळखू येतील.

हा खेळ केला कॅनडातील ब्रायन प्रोव्हिन्सियानो या तरुणाने. २००१ साली 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' हा गुन्हेगारी शहराचा खेळ गाजला. तसेच शहर निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रात बसवता येईल का, हा नाद त्याला लागला. त्या यंत्राची कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट! त्याने त्यासाठी लागणारी साधने स्वतःच तयार केली आणि अनेक वर्षे खटपट केली. शेवटी त्या यंत्राचा हट्ट सोडून त्याने नव्या यंत्रांसाठी स्वतंत्र खेळ रचला. चित्रे आणि संगीताला साथीदार होते, पण बाकीचा बराचसा भार त्याच्या एकट्यावर होता. २०१२ साली खेळ बाजारात आला. पुढे २०१५ साली त्याने जुन्या डॉस संगणकांसाठी १.४४ मेगाबाइटच्या एका फ्लॉपीत मावणारी आवृत्ती केली. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही त्याहून मोठा असतो.

मग याच्या खोक्याला भाव का येतो? कारण हा खेळ मुख्यतः तारेवरून उतरवून घ्यायचा. हातात धरता येतील अशा प्रती मोजक्याच निघाल्या. शिवाय तारेवरचे दुकान कायमचे नसते. विई यंत्रावर हा खेळ २०१३ साली आला, आणि त्या यंत्राचे दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले. आता तिथे तो नव्याने विकत घेता येत नाही. म्हणून हातातली प्रत जपावी असे शौकिनांना वाटते, आणि त्यात आम्हाला काही गैर दिसत नाही.

पण मुलाच्या डोक्यात भरली होती ती निराळीच बातमी. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत 'सुपर मारिओ ६४'ची एक सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेअकरा कोटी रुपयांच्या आसपास, गेली. एवढी बातमी सगळ्यांना कळते. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेल्या हजारो खोक्यांची बातमी कोणी छापत नाही. पुढे ती तेजीही ओसरली.

आम्ही त्याला चारच गोष्टी सांगितल्या. एक, खोक्याला व्याज मिळत नाही. गिऱ्हाईक येईल तेव्हाच त्याचा पैसा होतो, आणि घरात दुखणे आले तर गिऱ्हाईक वाट पाहून बसलेले नसते. दोन, मागवताना टपाल आणि जकात, विकताना दलाली. नफा त्यातच झिजतो. तीन, नकली प्रती आणि नकली सील ओळखणे नवख्याचे काम नव्हे. चार, आपल्या पावसाळी ओलीत पुठ्ठा फुगतो आणि फ्लॉपीला बुरशी धरते.

मुलगा थोडा हिरमुसला. म्हणाला, "मग हौस करायचीच नाही का?" जरूर करावी. खेळ आवडत असेल तर संगणकावरची प्रत थोडक्या पैशात घ्यावी, पोटभर खेळावे. घरात लहान भावंडे असतील तर मारामारीचा हा खेळ त्यांच्या हाती देण्याआधी मोठ्यांनी पाहून घ्यावा. आणि जमल्यास एवढे मोठे शहर एका फ्लॉपीत बसवले कसे, हे समजून घ्यावे. अपुऱ्या साधनांत काम निभावून नेणे आपल्या घरांना नवे नाही. त्या तरुणाकडून घ्यायचे ते हेच. ही विद्या ओलीने खराब होत नाही.

निघताना वडिलांनी पोस्टातल्या आवर्त ठेवीची चौकशी केली. मुलाने आजीला विचारले, "खेळ घेतला तर तू खेळशील?" आजी म्हणाली, "आधी उघड तर खरं!"