विरळ हवेचा खर्च कोणी करायचा?

उंचावर चाललेला बॉक्सरांचा सराव पाहायचा असेल तर ठोशांपेक्षा दोन फेऱ्यांमधले एक मिनिट पाहावे. तीन मिनिटांची फेरी संपते, मुलगा दोरांना पाठ टेकतो, प्रशिक्षक त्याच्या तोंडातले गार्ड काढतो आणि मग छातीचा भाता नुसता चालू राहतो. सपाटीवर एवढ्या मिनिटात तो सावरतो. आठ हजार फुटांवर मात्र घंटा वाजते तरी गेलेला दम परत आलेला नसतो. कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेऊन त्यातले लॅक्टेट तपासतात आणि पुढचा सराव किती कडक ठेवायचा ते ठरवतात. हौशी बॉक्सिंगमध्ये फेऱ्या तीनच असतात. तिसरीत हात खाली आले की लढत गेलीच.

हिमाचल प्रदेशात शिलारू येथे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे उंचावरच्या सरावाचे केंद्र आहे. विरळ हवेत रक्ताला प्राणवायू कमी पडतो, मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त सोडतात आणि तांबड्या पेशी वाढू लागतात. पण त्यासाठी तीन-चार आठवडे मुक्काम लागतो आणि मुळात शरीरात लोहाचा साठा असावा लागतो. तो नसेल तर खेळाडू उंचावर जाऊन थकून परत येतो. त्यातच तिथे भूक मंदावते, अंगातले पाणी लवकर कमी होते. वजनगट सांभाळणाऱ्या बॉक्सरला हे फार जपावे लागते. आपल्या मुलींमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण किती आहे हे वेगळे सांगायला नको. म्हणजे तिकीट काढण्याच्या आधी रक्ततपासणी आणि सकस आहार.

महाराष्ट्रात एवढी उंचीच नाही. कळसूबाई, आपले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. अशा सरावाला साधारण दोन हजार मीटरच्या वरची जागा लागते. पिंपरी-चिंचवडची मुले पहाटे घोराडेश्वर चढतात, दुर्गा टेकडीवर धावतात, रविवारी सिंहगड गाठतात. त्यांच्या जिद्दीला तोड नाही. पायांत ताकद येते, छाती भरते, मात्र विरळ हवेचा परिणाम त्यातून मिळत नाही. तोंडाला बांधायचे ‘उंचीचे’ मास्क विकत घेणाऱ्या पालकांनाही हेच कळकळीने सांगायचे आहे: त्याने श्वास अडतो, तांबड्या पेशी वाढत नाहीत. तो पैसा दूध-अंड्यांवर खर्च करा.

सैन्यात गेलेल्या मुलाला पुण्यातच आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये आहार, डॉक्टर, प्रशिक्षक सगळे मिळते. चाकणला कंत्राटी कामावर शिफ्ट करून संध्याकाळी हातमोजे चढवणाऱ्याने काय करायचे? महिनाभर हिमाचलला गेला तर त्याची नोकरीच जाते. खरी अडचण डोंगराची नाही, त्या महिन्याच्या पगाराची आहे.

खेळाडूला पगाराचा आधार देणे पिंपरी-चिंचवडच्या या कारखानदारी पट्ट्याला नवे नाही. मुरलीकांत पेटकर मूळचे सैन्यातले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे शरीर लुळे पडले, तेव्हा ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांच्या मदतीला क्रिकेटपटू विजय मर्चंट धावले होते आणि नोकरी होती टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये. खेळाडूच्या पाठीशी पगार उभा राहिला तर काय फरक पडतो, हे इथल्या लोकांनी पाहिले आहे.

विजेंदर सिंग, मेरी कोम, लवलिना बोर्गोहेन: बॉक्सिंगमधली आपली ऑलिम्पिक पदके हरियाणा, मणिपूर आणि आसामची. महाराष्ट्राचे एकही नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंग राहणार हे मार्च २०२५ मध्ये ठरले. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत ऑलिम्पिक खेळांचे प्रशिक्षण स्पष्टपणे नोंदलेले आहे. तेव्हा पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखानदारांनी आपापल्या भागातले दोन-चार होतकरू बॉक्सर निवडावेत, त्यांची रक्ततपासणी आणि आहार पाहावा, आणि तयारी झाल्यावर त्यांना महिनाभराच्या भरपगारी रजेवर शिलारूला पाठवावे.