पुरण गरम आहे तोवर!

पुण्यात ऑफिसमधल्या कुणालाही विचारा, ‘सणाला काय मेनू?’ उत्तर दोन शब्दांत येतं. ‘ऑर्डर करणार’ नाहीतर ‘गावी जाणार’. पहिल्या उत्तरावर आपण भरपूर बोलतो, फोटो टाकतो, स्टार देतो. आज जरा दुसऱ्या उत्तराकडे वळूया. म्हणजे सणाच्या आदल्या संध्याकाळी स्वारगेटला, बारामतीच्या विनाथांबा गाडीच्या रांगेत, लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून जी मंडळी उभी असतात ना, ती घरी पोचल्यावर नेमकं काय जेवतात? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ते करतं कोण आणि कसं?

हा प्रश्न घेऊन मी बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या काही स्वयंपाकघरांत जाऊन बसले. कुणाची आई, कुणाची आत्या, कुणाची सासू. मेनू लिहून घ्यायला गेले होते, पण सगळ्या गप्पा फिरून फिरून एकाच गोष्टीवर यायला लागल्या. पुरण! त्यात काय घालायचं यावर कुणाचंच भांडण नाही. भांडण आहे ते वाटायचं कसं यावर.

ताटात काय काय?

आधी ताट मांडून घेऊ. होळी असो की बैलपोळा (काही गावांत बेंदूर, तिथीही वेगळी), ताटाचा साचा ठरलेला. पुरणपोळी, तिच्यावर तूप, वाटीत दूध किंवा गुळवणी. येळवणीची आमटी, जिला आपण पुण्यात कटाची आमटी म्हणतो. भात, कुरडई, पापड, कांदाभजी, बटाट्याची सुकी भाजी. एका पातेल्यात शिजलेल्या हरभऱ्याच्या डाळीतून पोळीही होते आणि आमटीही. डाळ पुरणाला, डाळीचं पाणी आमटीला. ‘झीरो वेस्ट’ हा शब्द आपल्या प्रेझेंटेशनमध्ये येण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे.

दुसऱ्या दिवशी ‘कर’. त्या दिवशी घराघरांत मटण शिजतं. इंदापूर तालुक्यात भिगवणच्या बाजूला गेलात तर मटणाला कॉम्पिटिशन आहे ती माशांची. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि त्याचं पाणी इथपर्यंत पसरलं. तेव्हापासून चिलापी, मरळ, कटला ही नावं इथल्या गप्पांत अगदी घरची झाली. आपण फ्लेमिंगोचे फोटो काढायला जातो, ते हेच पाणी.

गोडाचं ताट इतकं सढळ होण्यामागेही पाणीच आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि बारामती, इंदापूरच्या कालव्याखालच्या जमिनीत ऊस आला. मग गुऱ्हाळं आली, १९३० च्या दशकात वालचंदनगरचा साखर कारखाना आला, पुढे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरचे सहकारी कारखाने उभे राहिले. पण बारामती तालुक्याचा मोरगाव-सुप्याकडचा भाग परंपरेनं जिरायती. तिकडच्या एक आजी म्हणाल्या, ‘‘आमच्याकडं गव्हाची पोळी सणालाच दिसायची बाई. एरवी बाजरीच.’’ म्हणजे एकाच तालुक्यात एका घरात पुरणपोळी म्हणजे ‘या सणाला पण केली’ आणि दुसऱ्या घरात ‘या सणालाच केली’. फरक एका शब्दाचा, पण केवढा मोठा!

पाटा, यंत्र की मिक्सर?

आता मुख्य वादाकडे. ढोबळ तीन पार्ट्या आहेत.

पहिली पार्टी पाटा-वरवंट्याची. यांचं म्हणणं, पुरण वाटायचं तर दगडावरच. लोण्यासारखं मऊ होतं आणि पोळी लाटताना कडेपर्यंत जातं. खरंय, मी खाल्लंय. पण पाट्यासमोर खाली बसून, कंबरेतून वाकून ते गरम पुरण ओढायचं म्हणजे जिममधल्या कुठल्याही सेटपेक्षा जड काम. या पार्टीत आता मुख्यतः आठवणी काढणारे उरलेत. त्यातले बरेचसे पुरुष. वाटलं कुणी, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी पार्टी पुरणयंत्राची, आणि बहुमत हिचंच. खाली भोकांची जाळी, वर वाकडं पातं, मधोमध दांडा. पातेल्यावर ठेवायचं आणि फिरवायचं. डाळीचा न शिजलेला दाणा वरच अडकतो, त्यामुळे लाटताना पोळी फुटत नाही. इंदापूरच्या एका आत्यांकडे लग्नात रुखवतात आलेलं पितळी यंत्र आहे. सुनेनं नवं स्टीलचं आणलं, तरी सणाला माळ्यावरून खाली येतं ते पितळीच.

तिसरी पार्टी मिक्सरची, म्हणजे नोकरी करणाऱ्यांची. यांची ट्रिक साधी आहे. गूळ घालायच्या आधीच नुसती डाळ निथळून फिरवून घ्यायची, मग गूळ घालून कढईत आटवायचं. ‘‘सासूबाईंना कळत नाही,’’ असं भवानीनगरच्या एक वहिनी हळूच म्हणाल्या. सासूबाई ओट्यापलीकडून म्हणाल्या, ‘‘कळतं गं. बोलत नाही.’’

पण तिन्ही पार्ट्यांचं तीन गोष्टींवर एकमत आहे. एक, डाळ पुरती शिजल्याशिवाय गूळ घालायचा नाही, कारण गूळ पडला की डाळ मऊ व्हायची थांबते. (यामागे केमिस्ट्री आहे. साखर आणि गुळातलं कॅल्शियम डाळीचा दाणा घट्ट धरून ठेवतात.) दोन, उलथनं उभं राहीपर्यंत पुरण आटवायचं. आणि तीन, सगळ्यात महत्त्वाचं, पुरण वाटायचं ते गरम असतानाच. थंड झालं की दगड होतं आणि मग दांडा हलत नाही.

यंत्राचे फ्रेंच नातेवाईक

इथे थोडं बाहेर डोकावू. १९३२ साली फ्रान्समध्ये जाँ मांतले नावाच्या गृहस्थांनी दांड्यानं फिरवायचं, जाळीचं एक यंत्र आणलं. कशासाठी? उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यासाठी. गोष्ट अशी सांगतात की बायकोनं केलेल्या मॅश्ड पोटॅटोत गुठळ्या राहायच्या, त्यावरून त्यांना हे सुचलं. याच धंद्यातून पुढे मूलिनेक्स हा मोठा ब्रँड उभा राहिला. त्या यंत्राचा फोटो बघा. जाळी, वाकडं पातं, दांडा. आत्यांचं यंत्र समोर ठेवलं तर सख्खी भावंडं वाटतील!

पॅरिसचे नामवंत शेफ जोएल रोबुशाँ (निधन २०१८) ज्या मॅश्ड पोटॅटोसाठी जगभर ओळखले गेले, तोसुद्धा अशाच यंत्रातून काढलेला. किलोभर बटाट्याला पाव किलो लोणी! पुरणपोळीवरच्या तुपाला नावं ठेवणाऱ्या डाएटवाल्यांनी हा आकडा एकदा वाचावाच.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे अमेरिकेत गेलेले आपले भाऊबंद. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिकडे थँक्सगिव्हिंग असतं आणि त्या जेवणात मॅश्ड पोटॅटो हवाच. बारामतीच्या एका काकूंनी मुलीच्या बॅगेत पुरणयंत्र दिलं होतं होळीसाठी. मुलगी आता त्यातून नोव्हेंबरात बटाटे काढते. काकूंना आधी हसू आलं, मग त्यांनी विचारलं, ‘‘गरम असतानाच काढतेस ना?’’ बघा, नियम तोच! बटाटाही गरम असतानाच दाबायचा आणि मिक्सरमध्ये मात्र अजिबात घालायचा नाही. पात्यानं पेशी फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो आणि भाजीच्या जागी डिंक तयार होतो.

साधारण त्याच दिवसांत, मार्गशीर्षात, आपल्याकडे चंपाषष्ठी येते. शेजारच्या पुरंदर तालुक्यात जेजुरीचा खंडोबा, त्यामुळे बारामतीकडच्या अनेक घरांत त्या दिवशी वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य असतो. चातुर्मासात वांगं-कांदा न खाणारे त्या दिवसापासून पुन्हा सुरू करतात. तिथेही तंत्र तेच. वांगं भाजून, सोलून, गरम असतानाच हातानं कुस्करायचं. बोटं पोळतात म्हणून शेजारी पाण्याची वाटी.

फिरवायला कोण आहे?

मला वाटलं होतं, या सगळ्या गप्पांतून मला एखादी सिक्रेट रेसिपी मिळेल. पण सिक्रेट काही नाहीच! मापं तर छापून आलेली आहेत. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं, तेव्हापासून वाटी-चमच्याचं माप घराघरांत आहे. व्हिडिओ तर आता हजारो.

अडतंय ते दुसरीकडेच. इंदापूरच्या त्याच आत्यांनी गेल्या होळीला पोळ्या बाहेरून मागवल्या. हे ऐकून त्यांचा पुण्यातला मुलगा जरा नाराज झाला. ‘‘आईच्या हातची सर नाही,’’ वगैरे. आत्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘करायला मी अजून करीन रे. पण फिरवायला कोण आहे?’’

विचार करा. पुरण गरम आहे तोवरच वाटायचं, म्हणजे हे काम ‘थोडं आत्ता, थोडं मग’ असं होत नाही. एकीनं कढई उतरवायची, दुसरीनं यंत्र धरायचं, तिसरीनं दांडा फिरवायचा, तोवर चौथीनं कणीक तिंबायची. एकत्र कुटुंबात जावा, नणंदा, पोरंटोरं होती. आता घरात दोघंच, वय साठीच्या पुढे, सांधे दुखतात. आणि आपण? आपण सकाळी अकराला उठतो, ‘वास भारी येतोय’ म्हणतो, ताटाचा फोटो काढतो आणि दुपारच्या गाडीचं तिकीट बघतो. ज्यांनी पहाटे डाळ चढवली, त्या शेवटच्या पंगतीला बसतात. तोवर भजी गार आणि कुरडई मऊ.

म्हणजे ‘परंपरा टिकली पाहिजे’ यावर लेख लिहून काही होणार नाही. (हा धरून!) पोळी टिकेल ती दांड्याला हात लागले तर. मुलींचे, तसे मुलांचेही. त्यासाठी कुकिंग क्लास नको, दंडात थोडा जोर आणि सकाळी आठचा अलार्म पुरे. शिवाय डाळ कितपत शिजली की पुरेशी, पुरण कढईची कड सोडायला लागलं की कसं दिसतं, हे कुठल्याही व्हिडिओत नीट कळत नाही. ते शेजारी उभं राहिल्यावरच कळतं. ‘अंदाजानं’ हे माप आईकडून घ्यायचं तर ती पातेल्यापाशी उभी असतानाच घ्यावं लागतं.

एक बदल मात्र बघून आले. माळेगावच्या एका घरात यंत्र फिरवायचं काम हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलाकडे कायमचं दिलंय. बायको पोळ्या लाटते, आई शेगडीपाशी, वडील नारळ खवतात. सगळे एकदमच जेवायला बसतात. आई म्हणाल्या, ‘‘पोळी तीच आहे हो. पण यंदा मी ती गरम खाल्ली.’’

पुढच्या सणाला जाताना

• एक वाटी हरभरा डाळ, एक वाटी चिरलेला गूळ. डाळ दोन-तीन तास भिजवून शिजवा. बोटांत धरल्यावर सहज चिरडली पाहिजे.

• डाळीचं पाणी ओतू नका. त्याचीच आमटी.

• वेलची, जायफळ, सुंठ शेवटी.

• पुरणाला यंत्राची बारीक जाळी, बटाट्याला मोठी. बटाटा जुना घ्या, नवा पाणचट असतो. मॅश करताना आधी लोणी, मग गरम दूध.

• यंत्र वापरून झालं की लगेच पाण्यात टाका. वाळलेलं पुरण जाळीतून काढणं ही शिक्षा आहे. आणि हो, ते धुवायचं कामही तुमचंच!