चेहरा ओळखणारं मशीन घेताय? मग त्याला म्हातारपण कळतं का ते बघा

छोटं युनिट टाकलं की हल्ली हजेरीसाठी चेहरा ओळखणारं मशीन घ्यायचं ठरतं. नागापूर असो की सुपा एमआयडीसी, तेच. काही जण तर ही मशीनं विकायचाच धंदा करायचं म्हणतात. जरूर करा. पण माणसाचा चेहरा बदलतो, त्याचं काय?

आधारचंच बघा. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. त्या सुमारास पंचेचाळिशीत फोटो काढलेला माणूस आता साठीला आलाय. २०२१ पासून पेन्शनरांना हयातीचा दाखला मोबाईलला चेहरा दाखवूनही देता येतो. दात गेले, गाल बसले आणि चेहरा जुळला नाही, की आजोबांना पुन्हा ठसे द्या नाहीतर बँकेत चक्कर मारा.

तंत्रज्ञांनी यावर काढलेली युक्ती भारी आहे. तरुणपणचा फोटो घ्यायचा, कॉम्प्युटरने त्यावर सुरकुत्या, पिकलेले केस, सैल कातडी चढवायची आणि 'हाही तोच माणूस' असं सॉफ्टवेअरला शिकवायचं. कारण एकाच माणसाचे वीस-तीस वर्षांतले फोटो मिळणंच मुश्किल. संशोधनात खूप वापरला गेलेला एफजी-नेट हा संग्रह युरोपातल्या प्रकल्पाचा, आणि त्यात फोटो किती? ८२ माणसांचे १००२! मॉर्फ नावाचा संग्रह पन्नास हजारांवर फोटोंचा आहे, पण तो अमेरिकेतला.

मला खटकतं ते इथं. पाथर्डीहून ऊसतोडीला जाणारी बाई चाळिशीत जशी दिसते, ते नुसतं वय नसतं. ऊन, धूर, कष्ट सगळं चेहऱ्यावर असतं. परक्या चेहऱ्यांवरून शिकलेल्या कॉम्प्युटरने ते कुठून आणायचं?

म्हणून विक्रेता डेमोला आला, की आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या कामगाराचा, त्याच्या परवानगीने, दहा वर्षांपूर्वीचा फोटो मशीनमध्ये टाकायला लावा आणि त्यालाच समोर उभं करा. फोटो दरवर्षी नवा करायचे वेगळे पैसे लागतात का, तेही विचारा. आणि शेजारी हजेरीचं रजिस्टर ठेवाच. मशीनने ओळखलं नाही म्हणून रोज बुडाला, तर कामगार मशीनशी भांडणार नाही, तुमच्याशी भांडेल. आणि त्याचं बरोबरच असेल.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांनो, नोव्हेंबरची गर्दी व्हायच्या आधीच म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना आधारचा फोटो नवा करून घ्यायला सांगा.