नाव धक्क्याला लागताना

मराठीत 'धक्का' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. जहाज ज्याला लागते तो धक्का, आणि चालत्या माणसाला अनपेक्षितपणे बसतो तोही धक्काच. शिडाची नाव बंदरात आणून बांधण्याचा प्रसंग ज्याच्यावर येतो, त्याला हे दोन्ही अर्थ एकाच क्षणी कळतात. मराठी साहित्याला मात्र ते नावेच्या संदर्भात फारसे कळलेले दिसत नाहीत, आणि ही उणीव वाटते तितकी किरकोळ नाही, असे आमचे मत आहे.

सोलापुरात बसून शिडांविषयी लिहावे याचे कुणाला हसू येईल. पण नावेचे रूपक मराठीत जिथे रुजले ती भूमी आमच्याच जिल्ह्यात आहे. पंढरपूरच्या वाळवंटाशी आजही होड्या उभ्या असतात. त्याच काठाशी जोडलेल्या भक्तिपरंपरेने संसाराला सागर म्हटले, देवाला नावाडी म्हटले आणि मुक्तीला पैलतीर. या रूपकातली नाव एक तर पार होते, नाही तर बुडते. तिसरी गती तिला नाही. काठाशी आलेली नाव थांबवायची कशी, दोर कुणी फेकायचा आणि कुणी झेलायचा, हे प्रश्न मोक्षाच्या वाटेवर अप्रस्तुतच होते. आधुनिक कवितेनेही ते विचारले नाहीत. सावरकरांचा सागर विरहाचा आहे, कुसुमाग्रजांच्या 'कोलंबसाचे गर्वगीत'मधला सागर आव्हानाचा. दोन्हीकडे बंदरातल्या खटपटीला जागा नाही.

भाषाही या सवयीला साथ देते. आपण 'नाव किनाऱ्याला लागली' असे म्हणतो. झाडाला फळ लागावे तशी ती आपोआप लागते. 'लावली' म्हटले की लावणाऱ्याचा हात दिसू लागतो, आणि त्या हाताची थरथरही.

वस्तुस्थिती अशी की नावेला ब्रेक नसतो. केवळ शिडावर चालणारी नाव थांबवायची तर तिचे तोंड वाऱ्याकडे वळवावे लागते. मग शीड फडफडू लागते, वेग ओसरत जातो आणि धक्क्यापाशी तो नेमका संपावा लागतो. थोडा अधिक उरला तर नाव दगडावर आदळते. थोडा कमी पडला तर हातभर अंतरावर थबकून वाऱ्याबरोबर मागे जाऊ लागते. शिवाय वेग संपला की सुकाणूही निकामी होते, कारण त्याच्यावरून पाणी वाहत नसेल तर त्याला जोर नसतो. अचूकता सर्वांत जास्त हवी, नेमका तेव्हाच ताबा सर्वांत कमी असतो.

मग फजिती ठरलेल्याच. कुणी घाईने उडी मारतो आणि एक पाय नावेत, दुसरा धक्क्यावर अशा अवस्थेत दोहोंमधले अंतर वाढत जाते. दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याचे दगड निदान जागचे हलत नाहीत. कुणी काठावरच्या माणसाकडे दिमाखात दोर फेकतो, तो झेललाही जातो, आणि मग लक्षात येते की दुसरे टोक नावेला बांधलेलेच नाही. कुणी ऐन भरतीत दोर आखूड बांधून जेवायला निघून जातो. उधाणाच्या दिवशी मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीच्या पातळीत चार-पाच मीटरपर्यंत फरक पडतो. परत येऊन पाहावे तर नाव दोरांना लोंबकळते आहे. आमच्याकडे दावणीला बांधलेला बैल निदान रात्रीतून इतका खाली जात नाही.

या फजितींचा खरा डंख प्रेक्षकांत आहे. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून 'म्हादेई' या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकटे निघाले आणि वाटेत चार बंदरांत थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० रोजी परतले. अशा सफरीत हजारो मैल पाहणारे कुणी नसते. शेवटच्या दहा मीटरांना मात्र माणसे हजर असतात. पराक्रम एकांतात आणि परीक्षा चारचौघांत, असा हा उफराटा न्याय आहे.

खुद्द कोलंबसाचे काय झाले? १४९२ च्या नाताळाच्या आदल्या रात्री समुद्र शांत होता, तो झोपला होता आणि सुकाणू एका पोऱ्याच्या हाती होते. 'सांता मारिया' हे त्याचे मुख्य जहाज हिस्पॅनिओला बेटाच्या किनाऱ्याजवळ अलगद रुतले ते कायमचे. अटलांटिकने न बुडवलेले जहाज काठाजवळच्या उथळ पाण्याने घेतले. हा कोलंबस आपल्या गर्वगीतात नाही. तो तिथे असावा असे आमचे म्हणणे नाही. पण तो कुठेच असू नये का?

इंग्रजीत जेरोम के. जेरोमच्या १८८९ च्या 'थ्री मेन इन अ बोट'मध्ये शीड उभारून ऐटीत निघालेली नाव गळ टाकून बसलेल्या तीन वृद्धांच्या होडीवर जाऊन आदळते. आपल्याकडे चिं. वि. जोशींच्या 'चिमणरावाचे चऱ्हाट'पासून मध्यमवर्गीय माणसाची फजिती घरात, लग्नात, प्रवासात मनसोक्त रंगवली गेली. चऱ्हाट होते, नाव नव्हती. कारण उघड आहे. कोळी-खारवी समाजाच्या बोलण्यात हे सारे असणारच. लिहिणारा वर्ग मात्र बहुधा प्रवासी होता. प्रवाशाला दोनच गोष्टी ठाऊक असतात, पार होणे आणि बुडणे. मधले काम दुसऱ्याचे असते. आपले नौकेविषयीचे साहित्य हे बव्हंशी प्रवाशांचे साहित्य आहे.

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नव्हे. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. या दुःखाची फजितीशी तुलना करणे असभ्य ठरेल. आम्ही ती करीत नाही. आमचे म्हणणे भाषेविषयी आहे. अशा प्रसंगी आपल्या लेखणीला चटकन 'काळाचा घाला' सुचतो. वारा कुठून होता, वजन कसे वाटले होते, हे शब्द सुचत नाहीत, कारण ते एरवीही आपल्या लिहिण्यात नसतात. लहान चुका हसत सांगण्याची सवय ज्या भाषेला असते, तिच्यात मोठ्या चुकांविषयी स्पष्ट बोलण्याची सोय आधीच झालेली असते. जिथे फक्त वीर आणि बुडालेले एवढेच असतात, तिथे शिकणाऱ्याला जागा उरत नाही.

म्हणून अध्यापक मित्रांना एक सूचना. 'गर्वगीत' शिकवताना त्या नाताळाच्या रात्रीचीही गोष्ट सांगावी. कवितेचे मोल त्याने उणावणार नाही. आणि उजनीच्या काठच्या गावांतून जी मुले महाविद्यालयात येतात, त्यांना नदीवरचा नेहमीचा निबंध न देता, होडी काठाला लावून बांधतात कशी आणि ती कधी कशी चुकली, एवढेच लिहायला सांगावे. पैलतीराविषयी आपल्याकडे भरपूर लिहून झाले आहे.