अर्ध्या अंगाची कुस्ती

सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला कुस्ती समजावून सांगावी लागत नाही. आमच्या मुरूडला ती सांगावी लागते. हा रायगडचा किनारा कबड्डीचा. संध्याकाळी ओहोटी लागली की पुळणीवर पोरे रेघा ओढतात आणि दम घुमू लागतो. चढाई करणाऱ्या गड्याचा घोटा हाती लागला की निम्मे काम झाले, हे इथले शेंबडे पोरही जाणते. म्हणून परवा वर्गात (मराठीच्या तासाला कुस्ती कशी शिरली म्हणाल, तर 'आस्मान दाखवणे' हा वाक्प्रचार आला, एवढेच निमित्त) मी म्हणालो, की जगात एक कुस्ती अशी आहे, जिच्यात समोरच्याच्या पायाला हात लावायचा नाही आणि डावासाठी आपला पायही घालायचा नाही. त्यावर मागच्या बाकावरून एक चिरंजीव उद्गारले, "सर, मग पाय दिलेत कशाला?"

प्रश्न रास्त आहे. या कुस्तीला ग्रीको-रोमन म्हणतात. नाव मोठे भारदस्त; पण बाई मूळची ना ग्रीकांकडची, ना रोमनांकडची. एकोणिसाव्या शतकात ती फ्रान्समध्ये आकाराला आली आणि हे पुरातन कुळाचे नाव तिला मागाहून चिकटले. खरे प्राचीन ग्रीक मल्ल पायात पाय घालून खुशाल पाडीत! नियम एकच ध्यानात ठेवावा: कमरेखाली काही नाही. पट काढायचा नाही, टांग मारायची नाही, लांग धरायची नाही. कलाजंग म्हणजे समोरच्याच्या मांड्यांत हात घालून त्याला खांद्यावर घेणे, तोही बाद. लाल मातीतल्या पैलवानाच्या पोतडीतला निम्मा माल असा दारातच काढून घेतलेला.

मग उरते काय? मान, खांदे, बगल आणि पाठ. पायात अडकवून पाडता येत नाही, तेव्हा समोरच्याला छातीशी कवळायचे, उचलायचे आणि आपणच कमानीसारखे मागे जाऊन त्याला फेकायचे. हलक्या वजनात हे देखणे दिसते. जड वजनात, जिथे एकेक गडी शंभर किलोच्या वरचा, तिथे पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. रशियाचा अलेक्झांडर कारेलिन गादीला चिकटून पालथ्या पडलेल्या धिप्पाड मल्लाला उलटी कवळ घालून अलगद उचली. १९८८, १९९२ आणि १९९६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके त्याने मिळवली. २००० साली सिडनीला अमेरिकेच्या रूलन गार्डनरकडून तो हरला, तो अवघ्या एका गुणाने. मिठी घालून उभे असताना त्याच्या हातांची पकड सुटली, एवढ्यावरून. पाय नसले की हाताला इतकी किंमत येते.

आता आपल्या घरची गोष्ट. १९६२ साली जाकार्ता येथे चौथ्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. भारताने कुस्तीत तीन सुवर्णपदके जिंकली. एक मालवा यांनी हलक्या वजनात. उरलेली दोन्ही सांगली जिल्ह्यात आली. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी मुक्त शैलीत सुवर्ण घेतले आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. हे आपल्या समजुतीला धरून झाले, कारण मुक्त शैलीत पट काढता येतो. ती आपल्या मातीची चुलत बहीणच. पण शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर नेमके उलटे करून आले. सर्वांत जड गटात मुक्त शैलीत रौप्य आणि परक्या ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण!

हे कसे घडले असेल? मी काही वस्ताद नव्हे, पण माझा तर्क असा, की याचे उत्तर खडाखडीत आहे. आपल्याकडे सलामी झडल्यावर जड पैलवान लगेच पायाकडे धावत नाहीत. कपाळाला कपाळ भिडते, हात मानेवर पडतात, एकमेकांची मान ओढून ताकदीचा अदमास घेणे कितीतरी वेळ चालते. त्या मानेला आणि खांद्यांना हजारो जोरांची बैठक असते. प्रेक्षक कंटाळून 'डाव करा, डाव करा' म्हणून ओरडतात, ते हेच पाहून. ग्रीको-रोमन ही एका अर्थी डावाला पोचलेली खडाखडीच.

आंदळकर १९६० सालीच हिंदकेसरी झाले होते. १९६४ साली ते टोकियो ऑलिंपिकला गेले आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी पोरे घडवली. २०१८ साली ते गेले. यंदा फराळाच्या वेळी घरातल्या थोरल्यांना त्यांचे नाव विचारून पाहा. 'हिंदकेसरी' हा शब्द चटकन येईल. जाकार्ताचे सुवर्ण कोणत्या कुस्तीतले, हे सांगणारा विरळा. आणि ते काही साधे पदक नव्हे. २०२३ साली हांगझो येथे झालेल्या स्पर्धांत आपल्या सुनील कुमारने ग्रीको-रोमनमध्ये कांस्य मिळवले, तेव्हाही आशियाई स्पर्धांतले या शैलीतले भारताचे सुवर्ण एकच होते: आंदळकरांचे. मधे एकसष्ट वर्षे गेली.

दोष तरी कोणाला द्यावा? महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात पाय धरता येतो, गादी विभागातही धरता येतो. जिथे फड आणि जिथे इनाम, तिकडेच पोर वळणार. आणि गावच्या जत्रेत ग्रीको-रोमनची जोड लावलेली मी तरी अजून पाहिलेली नाही.