वरळीहून निघून एका दिवसात नाशिकची वायनरी बघून येता येतं, पण या ट्रिपमधून द्राक्ष पिकवणाऱ्याला काय मिळतं ?

लाकडी पिंपांसमोर हातात ग्लास धरून काढलेला फोटो इन्स्टाग्रामवर पडला की कमेंट ठरलेली, "फ्रान्सला गेलास काय रे ?" फ्रान्स वगैरे काही नसतं, गंगापूर धरणाजवळचं नाशिक असतं. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ग्रुपलाही हे एका दिवसात जमतं. सकाळी दादरला शिर्डीची वंदे भारत पकडायची, नाशिक रोडला उतरायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत यायचं. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून रस्त्यानेही वेळ वाचतो, पण ट्रेनच बरी. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गुन्हा होतो, आणि टेस्टिंगचे चार-पाच ग्लास म्हणजे काही कोकम सरबत नाही.

जायचं तर जानेवारी ते मार्च. फ्रान्समध्ये द्राक्षांची तोडणी सप्टेंबरच्या आसपास होते, आपल्याकडे तेव्हा पाऊस असतो. म्हणून इथली वेल हिवाळ्यात फळ देईल अशी छाटली जाते.

आता मुद्द्याचं. अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि २००५ मध्ये त्यांनी टेस्टिंग रूम उघडली. मळा दाखवायचा, चव द्यायची, बाटली विकायची, ही पद्धत युरोपातलीच. फरक मालकीत आहे. फ्रान्समध्ये बऱ्याच गावांत मळा ज्याचा, वाइनही त्याचीच, नाहीतर शेतकऱ्यांची सहकारी वायनरी असते. सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात वाइनमध्ये मात्र तसा मोठा सहकार उभा राहिला नाही. इथे बहुतेक शेतकरी कंपनीशी करार करून द्राक्षं पिकवतो आणि किलोच्या भावाने विकतो. बाटलीवरचा आणि तिकिटावरचा नफा त्याच्या हिशेबात येत नाही.

बरं, वाइनचं द्राक्ष म्हणजे आपण खातो ते नव्हे. ते लहान, बियांचं, जाड सालीचं. कंपनीने माल नाकारला तर ते वाशीच्या मार्केटमध्ये कोण घेणार ? वेल लावल्यावर नीट पीक यायला तीनेक वर्षं जातात, त्यामुळे लगेच दुसरं काही लावणंही सोपं नाही. हा धोका कागदावरचा नाही. नारायणगावच्या श्यामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्राने फेसाळती वाइन बनवून नाव कमावलं होतं. २००८ च्या मंदीनंतर ती कोसळली, शेतकऱ्यांचे पैसे अडकले. त्या काळात अनेकांनी वाइनच्या वेली उपटून टाकल्या.

म्हणूनच जानेवारी २०२२ मध्ये महाविकास आघाडी सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देताना शेतकऱ्यांचं नाव पुढे केलं. भाजपने कडाडून विरोध केला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अमलात आलाच नाही. गंमत म्हणजे एवढा गदारोळ दुकानातल्या फळीवरून झाला, पण खरी मदत दुसरीकडून होते. वाइनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के सरकार उत्पादकांना परत देतं. मधल्या काळात थांबलेली ही योजना २०२४ मध्ये पुढे सुरू ठेवायला मंजुरी मिळाली. जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवतानाही वाइनला सोडलं. हा परतावा वायनरीच्या खात्यात जातो. त्यातला किती भाग द्राक्षाच्या भावात उतरतो, हा प्रश्न आघाडी आणि महायुती, दोघांनाही विचारायला हवा.

त्यात बाहेरची स्पर्धा. परदेशी वाइनवर १५० टक्के आयात शुल्क होतं, म्हणून नाशिकची वाइन टिकली. ऑस्ट्रेलियाशी केलेला करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला आणि तिथल्या महागड्या बाटल्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने खाली यायला लागलं. उद्या बाटलीचा भाव पाडायची वेळ आली तर कंपनी आधी काच, बूच, जाहिरात यांचा खर्च कापेल की दिंडोरीच्या शेतकऱ्याचा दर, हे करारात काय लिहिलंय त्यावर ठरेल. टूरवर गाईड शेवटी "काही प्रश्न ?" म्हणतो, तेव्हा हे विचारून बघा.